आई-बाबा घरी नसताना मुलांचा कॉम्प्युटर: बंदोबस्त कुठून सुरू करायचा, कुठे थांबायचं

शाळा सुटल्यापासून आई-बाबा घरी येईपर्यंतचे दोन-तीन तास, सुट्टीतला अख्खा दिवस, किंवा आई-बाबा परगावी आणि मुलं आजी-आजोबांपाशी. या वेळात कॉम्प्युटर मुलांच्या हाती असतो आणि 'आता पुरे' म्हणणारं कुणी समोर नसतं. मग पालक एखादं पेरेंटल कंट्रोल अ‍ॅप शोधून टाकतात आणि आठवड्याभरात कळतं की पोराने ते केव्हाच बाजूला सारलंय. दोष बहुधा अ‍ॅपचा नसतो. कॉम्प्युटरवर मुलाचं खातं मालकाच्या अधिकाराचं असेल, तर त्यावर घातलेलं कुठलंही बंधन त्याला काढता येतं, मग अ‍ॅप फुकटचं असो की विकतचं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी खाती, मग वेळ, मग इंटरनेट. आणि या तिन्हींबरोबर, मुलाला परवानगी मागता येईल अशी एक सोपी वाट.

एक कॉम्प्युटर, एक फोन आणि राउटर (घरभर वाय-फाय देणारी पेटी) एवढ्यासाठी दोनेक तास हाताशी ठेवा. हे काम प्रवासाच्या दिवशी सकाळी करू नका. निदान आठवडाभर आधी, तुम्ही घरी असताना करा, म्हणजे जे बिघडेल ते तुमच्या समोर बिघडेल.

घरात पडदे किती आहेत?

कागद घ्या आणि घरातली इंटरनेट चालणारी प्रत्येक वस्तू लिहा. डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅब, फोन, टीव्ही, गेम कन्सोल आणि ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोनसुद्धा. सगळ्यात जास्त विसरला जातो तो हा जुना फोनच. सिम नसलं तरी वाय-फायवर तो पूर्ण चालतो, आणि त्यावर आईचं किंवा बाबांचं खातं उघडंच असतं.

प्रत्येक वस्तूपुढे तीन उत्तरं लिहा. यावर मुख्य अधिकार कुणाच्या खात्याचा? इंटरनेट कुठून येतं? आणि घरचं वाय-फाय बंद केलं तरी ही चालेल का? ज्या वस्तूपुढे तिसरं उत्तर 'हो' असेल, तिथे राउटरवर केलेला बंदोबस्त निरुपयोगी आहे. तिचा बंदोबस्त तिच्यावरच करावा लागेल. जुने फोन फॅक्टरी रीसेट करून (सगळं पुसून, कारखान्यातून आल्यासारखे करून) बंद ठेवा किंवा सोबत घेऊन जा.

मुलाचं खातं वेगळं, आणि साधं

विंडोजवर खाती दोन प्रकारची असतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याला प्रोग्राम टाकता-काढता येतात, इतरांचे पासवर्ड बदलता येतात. स्टँडर्ड खात्याला रोजचं सगळं काम करता येतं, पण यंत्रणेला हात लावायचा म्हटलं की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला जातो. घरोघरी कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करताना जे खातं बनतं ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं, आणि नेमकं तेच मूल वापरत असतं.

१. मुलाचं खातं पुसू नका. त्यात त्याच्या फाइली, चित्रं, गेमची प्रगती असते. आधी पालकासाठी नवीन खातं बनवा आणि त्याचा प्रकार अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, तिथे 'अदर युजर्स'. जुन्या आवृत्तीत 'फॅमिली अँड अदर युजर्स'.

२. साइन-आउट करून पालकाच्या खात्यात शिरा. ते नीट उघडतं याची खात्री झाली की मगच मुलाच्या खात्यावर 'चेंज अकाउंट टाइप' दाबून ते स्टँडर्ड करा. कॉम्प्युटरवर एक तरी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उरलाच पाहिजे, म्हणून क्रम हाच ठेवा.

३. यादीतलं प्रत्येक खातं तपासा. दुकानदाराने किंवा एखाद्या मावसभावाने कधीकाळी बनवलेलं बिनपासवर्डाचं खातं असेल आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल, तर वरची सगळी मेहनत वाया.

४. पालकाच्या खात्याला ४ आकडी पिन ठेवू नका. मागे उभं राहून चार आकडे टिपणं मुलांना जमतं. विंडोजमध्ये परवानगीच्या खिडकीत पिनसुद्धा चालतो, म्हणजे पिन कळला की मालकी गेली. पिन ठेवायचाच तर ८-१० अक्षरांचा ठेवा. अक्षरं चालू करण्याचा पर्याय पिन बदलताना तिथेच असतो.

५. पालकाच्या खात्यात काम करून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं एकत्र दाबून पडदा कुलूपबंद करायची सवय लावा.

मॅकवर पद्धत तीच. 'युजर्स अँड ग्रुप्स'मध्ये मुलाचं खातं स्टँडर्ड ठेवायचं, गेस्ट युजर बंद करायचा. क्रोमबुकवर (गूगलची यंत्रणा असलेला लॅपटॉप) गेस्ट ब्राउजिंग आवर्जून बंद करा, नाहीतर मूल स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून पाहुणा म्हणून आत येतं आणि मोकळं होतं.

मूल तेरा-चौदा वर्षांचं आणि हुशार असेल तर आणखी एक भोक बुजवावं लागतं. पेन ड्राइव्हवरून दुसरी यंत्रणा (ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू केली की विंडोजवरचे सगळे निर्बंध बाजूला पडतात. कॉम्प्युटर सुरू होताना एफ-टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जा (बटण कंपनीनुसार बदलतं), यूएसबीवरून सुरू होणं बंद करा आणि बायोसला पासवर्ड लावा. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा लांब आकडा) लिहून ठेवा, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर पुढच्या वेळी ती मागितली जाऊ शकते. बायोसचा पासवर्डही लिहूनच ठेवा, लॅपटॉपवर तो विसरणं महागात पडतं. लहान मुलांच्या घरी या भानगडीत पडण्याची गरज नाही.

वेळ: किती आणि केव्हा

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही ठरवाव्या लागतात. फक्त 'रोज २ तास' म्हटलं तर ते दोन तास रात्री एक ते तीन असू शकतात. फक्त '४ ते ७' म्हटलं तर तिन्ही तास वापरले जातात. म्हणून '४ ते ७ या वेळात मिळून दीड तास' अशी आखणी करा. शाळेतून आल्या-आल्या सुरू होईल असं ठेवू नका. अर्धा-पाऊण तास मोकळा राहिला तर जेवणखाण आणि आंघोळ कॉम्प्युटरसमोर होत नाही.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट आहे आणि बहुतेक घरांना पुरतं. पालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून फॅमिली ग्रुप बनवायचा, मुलाचं मायक्रोसॉफ्ट खातं त्यात सदस्य म्हणून घ्यायचं आणि फोनवरून किंवा वेबसाइटवरून 'स्क्रीन टाइम' ठरवायचा. इथे एक ठेच जवळजवळ प्रत्येकाला लागते. मूल कॉम्प्युटरवर लोकल खात्याने (फक्त त्या कॉम्प्युटरपुरतं, मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं) शिरत असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. त्याने त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं पाहिजे जे ग्रुपमध्ये आहे. लोकल खातं 'युवर इन्फो' या पानावरून मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतं, फाइली जागच्या जागी राहतात.

दुसरी गोष्ट: पूर्ण कॉम्प्युटरला लावलेली मर्यादा संपली की सगळंच बंद होतं, अर्धवट लिहिलेला निबंधही. गृहपाठ कॉम्प्युटरवर होत असेल तर पूर्ण कॉम्प्युटरला फक्त 'केव्हा' लावा (सकाळी ८ ते रात्री ८, समजा) आणि 'किती' ही मर्यादा 'अ‍ॅप्स अँड गेम्स'मध्ये जाऊन गेम आणि व्हिडिओला लावा. पहिल्याच आठवड्यात होणारी निम्मी भांडणं इथेच मिटतात.

अँड्रॉइड फोन, टॅब आणि क्रोमबुकसाठी गूगलचं फॅमिली लिंक. त्यात रोजची मर्यादा, झोपेची वेळ, शाळेची वेळ, प्रत्येक अ‍ॅपची वेगळी मर्यादा आणि नवीन अ‍ॅपसाठी पालकाची मंजुरी हे सगळं दुरून करता येतं. शब्दकोश, शाळेचं अ‍ॅप, फोन करणं यांना मर्यादेतून वगळा. मुलाचा फोन इंटरनेटवर नसेल तर तुम्ही दुरून केलेला बदल त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी फॅमिली लिंकमध्ये पालकाचा अ‍ॅक्सेस कोड असतो, तो फोनवर वाचून दाखवला की मुलाचं यंत्र उघडतं. हा कोड ठरावीक वेळाने बदलतो, त्यामुळे एकदा सांगितलेला कायमचा फुटला असं होत नाही.

आयफोन, आयपॅड आणि मॅकवर अ‍ॅपलचा स्क्रीन टाइम. मुलाचं खातं फॅमिली शेअरिंगमध्ये घेतलं की तुमच्या फोनवरून सांभाळता येतं. तीन जागा चुकतात. स्क्रीन टाइमचा ४ आकडी पासकोड फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा हवा. मर्यादा लावताना 'ब्लॉक अ‍ॅट एंड ऑफ लिमिट' चालू हवं. ते बंद राहिलं तर मर्यादा संपल्यावर मूल 'इग्नोर लिमिट' दाबून पुढे जातं. आणि 'कंटेंट अँड प्रायव्हसी' या भागात अ‍ॅप टाकणं आणि काढणं दोन्ही बंद हवं. पासकोड मुलाच्या फोनवर टाकायची वेळ आली तर आधी पडद्याच्या वरच्या भागात रेकॉर्डिंगची लाल खूण नाही ना ते पाहा. पडदा रेकॉर्ड करून तुम्ही दाबलेले आकडे मिळवणं ही मुलांमध्ये चांगलीच माहीत असलेली युक्ती आहे.

लिनक्स असेल तर टाइमकेपीआर-नेक्स्ट हे फुकट साधन वेळेपुरतं उत्तम चालतं. टीव्ही आणि गेम कन्सोल यांना स्वतःचे पिन आणि वेळेच्या मर्यादा असतात. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच तिन्हींवर त्या आहेत. कॉम्प्युटर आवळला आणि टीव्ही मोकळा सोडला तर मूल बैठक बदलतं, एवढंच.

कोणत्या साइट उघडाव्यात

आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला 'ठरवलेल्या साइटच उघडतील, बाकी सगळं बंद' ही पद्धत योग्य. नऊ ते बारा या वयात उलट करावं: वाईट प्रकारच्या साइट गाळायच्या, बाकी उघड्या, नवीन अ‍ॅप मात्र विचारून. तेरानंतर गाळणीचा उपयोग कमी होत जातो. तिथे रात्रीची वेळ, पैसे आणि अनोळखी माणसं या तीन गोष्टींवर लक्ष द्यावं.

फॅमिली सेफ्टीची साइट-गाळणी फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउजरमध्ये चालते. ती चालू केली की इतर नेहमीचे ब्राउजर मुलाच्या खात्यात अडवले जातात, आणि मूल 'क्रोम बिघडलं' म्हणून तुम्हाला फोन करतं. बिघडलेलं नसतं, आधी सांगून ठेवा. क्रोममध्ये फॅमिली लिंकच्या खात्याने साइन-इन केलं तर गूगलची गाळणी लागते आणि इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणारी खिडकी) बंद होतं, पण ती त्या साइन-इनपुरतीच.

ठरावीक साइटची पद्धत वापरताना नेहमी येणारी अडचण म्हणजे शाळेची साइट अर्धीच उघडते. कारण साइटचा पत्ता एक, साइन-इनचं पान दुसऱ्या पत्त्यावर, व्हिडिओ तिसऱ्या ठिकाणाहून येणारा. उपाय एकच: मुलाच्या खात्यात बसून गृहपाठाचा पूर्ण प्रवास करून पाहा. साइन-इन, धडा उघडणं, व्हिडिओ चालवणं, फाइल पाठवणं. जिथे अडेल तिथला पत्ता यादीत घाला. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते तुम्ही बाहेर असताना फोनवरून करायला अर्धा तास लागतो.

राउटर: घराचं दार

राउटरवरचा बंदोबस्त दुसरी फळी म्हणून ठेवा, पहिली म्हणून नाही. राउटरचं पान ब्राउजरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडतं. (हे आणि पुढचे सगळे आकडे टाइप करताना इंग्रजी अंकांतच टाका, देवनागरी अंक तिथे चालत नाहीत.) पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तुम्हाला दिसतो तसाच मुलालाही दिसतो, म्हणून पहिलं काम राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलणं. दुसरं काम डब्ल्यूपीएस बंद करणं, कारण ते चालू असलं तर पासवर्ड न कळताही बटण दाबून नवीन यंत्र जोडता येतं.

आता वेळापत्रक. बहुतेक पालक मुलाच्या यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर यंत्राची ओळख पटवणारा क्रमांक, मॅक कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही) शोधून त्यावर वेळ लावतात. हे आता भरवशाचं राहिलेलं नाही. आयओएस १४ (आयफोनची यंत्रणा) आणि अँड्रॉइड १० पासून फोन वाय-फायला जोडताना बनावट मॅक अ‍ॅड्रेस वापरतात आणि तो बदलू शकतो. बदलला की राउटरच्या लेखी ते नवीन यंत्र असतं, नियमाबाहेरचं. त्याऐवजी मुलांसाठी वेगळं नेटवर्क करा:

राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. मुलांची सगळी यंत्रं फक्त त्यावर जोडा. मुख्य वाय-फायचा पासवर्ड बदला आणि तो मुलांच्या कुठल्याही यंत्रावर कधीही टाकू नका, कारण एकदा टाकलेला पासवर्ड फोनच्या सेटिंगमध्ये पुन्हा बघता येतो किंवा क्यूआर कोडने दुसऱ्या फोनला देता येतो. मग वेळापत्रक या गेस्ट नेटवर्कलाच लावा. घरातला कॅमेरा, दाराची घंटा, आजोबांचा फोन हे मुख्य नेटवर्कवर राहतात आणि रात्री आठला मुलांचं इंटरनेट बंद झालं तरी त्यांना धक्का लागत नाही. पूर्ण राउटर दुरून बंद करणाऱ्यांचा कॅमेराही त्याच क्षणी बंद पडतो.

दोन बारीक गोष्टी. गेस्ट नेटवर्क २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर असतं. पुष्कळ राउटरमध्ये वेळापत्रक दोन्हींना वेगवेगळं लावावं लागतं आणि एक हमखास राहून जातं. आणि राउटरचं घड्याळ व टाइम झोन तपासा. टाइम झोन चुकीचा असेल तर 'रात्री ८' भलत्याच वेळी येते.

राउटरवर डीएनएस बदललं तर प्रौढांच्या साइट घरभर एकदम गाळता येतात. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. गाळणी असलेली सेवा नको त्या साइटचा पत्ता देतच नाही. क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा १.१.१.३ आणि १.०.०.३ या पत्त्यांवर आहे. क्लीनब्राउजिंगचं फॅमिली फिल्टर १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ वर, ते सर्च आणि यूट्यूबही सुरक्षित प्रकारातच उघडायला लावतं. दोनपैकी एकच सेवा निवडून तिचे दोन्ही पत्ते भरा. एक जागा गाळणीच्या पत्त्याने आणि दुसरी साध्या पत्त्याने भरली तर गाळणी कधी लागते, कधी लागत नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे पत्तेही भरा, नाहीतर त्या वाटेने सगळं तसंच येतं.

डीएनएसची मर्यादा ओळखा. ते पूर्ण साइट अडवतं किंवा सोडतं, साइटमधलं एखादं पान किंवा व्हिडिओ त्याला कळत नाही. ब्राउजरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू करून दुसरी सेवा निवडली, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणामार्गे नेणारं साधन) टाकलं किंवा मोबाइल डेटा सुरू केला की ते बाजूला पडतं. अ‍ॅप आणि एक्स्टेन्शन (ब्राउजरला जोडायची छोटी साधनं) मंजुरीशिवाय टाकताच येऊ नयेत ही व्यवस्था आधी का हवी, ते इथे कळतं. मुलाच्या फोनमध्ये सिम हवंच असेल तर डेटा नसलेला प्लॅन घ्या. शेजारच्यांचं वाय-फाय आणि मित्राचा हॉटस्पॉट यांवर तुमच्या राउटरचा काहीच इलाज चालत नाही. तिथे फोनवरची मर्यादाच कामी येते.

पैसे

प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअर दोन्हीकडे 'प्रत्येक खरेदीला पासवर्ड' हा पर्याय लावा. 'अमुक मिनिटांत एकदाच' असा पर्याय लावला तर तुम्ही एक गेम घेऊन दिल्यावर त्या वेळात मुलाला आणखी काहीही घेता येतं. कन्सोलवर, ब्राउजरमध्ये आणि गेमच्या खात्यात साठवलेली कार्डं काढून टाका. मुलाला खर्चायला द्यायचेच असतील तर गिफ्ट कार्ड बरं, संपलं की संपलं.

मुलांना आणखी एक नियम पाठ हवा: फोनवर कुणीही, अगदी बँकेचा माणूस म्हणून का होईना, ओटीपी किंवा कोड विचारला, किंवा कॉम्प्युटरचा पडदा दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवायचा. ज्या फोनवर बँकेचे संदेश येतात तो घरी ठेवून जाऊ नका.

अनोळखी माणसं

मूल एकटं असताना खरा धोका घाणेरड्या साइटपेक्षा बोलणाऱ्या माणसाचा जास्त असतो, आणि त्याला गाळणी नाही. म्हणून ज्या गेममध्ये गप्पा मारता येतात त्या प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन गप्पा बंद करा किंवा 'फक्त मित्र' करा. हे कॉम्प्युटरवर नव्हे, गेमच्या खात्यात करायचं असतं, म्हणून राहून जातं. मुलाने जन्मतारीख खोटी टाकली असेल तर गेम त्याला मोठा समजतो आणि मुलांसाठीच्या मर्यादा लावत नाही, तारीख तपासा.

मुलाला खुणा सांगा, भीती घालू नका. गेममधून उठून दुसऱ्या खासगी अ‍ॅपवर बोलायला बोलावणं, 'घरी कुणी आहे का' विचारणं, 'हे आईला सांगू नकोस' म्हणणं, फोटो मागणं, फुकट नाणी देऊ करणं. यातली एकही खूण दिसली की उत्तर न देता पालकांना फोन. घरी एकटे आहोत हे कुणालाही लिहायचं नाही.

एखादा फोटो गेलाच आणि धमकी आली तर: पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, संभाषण पुसायचं नाही. समोरच्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग त्याला ब्लॉक करा, त्या अ‍ॅपकडे आणि पोलिसांकडे तक्रार करा. अठराखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठी अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा आहे. त्यात फोटो अपलोड होत नाही. त्याचा आकडी ठसा तुमच्याच यंत्रावर बनतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढतात. 'सांगितलं तर कॉम्प्युटर कायमचा बंद' असं मुलाला वाटत असेल तर तो यातलं काहीच सांगणार नाही. म्हणून आधीच स्पष्ट बोला: घडलेलं सांगितल्याबद्दल कॉम्प्युटर काढून घेतला जाणार नाही.

मागण्याची वाट

तुम्ही मीटिंगमध्ये आणि फोनवर 'अजून १५ मिनिटं' च्या सहा विनंत्या. असं झालं की पालक वैतागून एकतर सगळं मंजूर करतात किंवा काहीच पाहत नाहीत, आणि मूल पळवाट शोधायला लागतं. यासाठी ठरलेल्या वेळा ठेवा: समजा, पाच वाजता विनंत्या पाहिल्या जातील, त्याआधी नाही. दिवसाला एकदाच, जास्तीत जास्त ३० मिनिटं वाढवून मिळतील, आणि कशासाठी ते सांगावं लागेल. शाळेच्या कामासाठी अडलं तर मात्र थेट फोन.

दुसऱ्या पालकालाही ग्रुपमध्ये पालक म्हणून घ्या. विमानात असलेल्या बाबांच्या फोनवर विनंती पडून राहू नये. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना पासवर्ड देऊ नका. आजी नातवाला नाही म्हणणार नाही, आणि त्यांना त्या पेचात टाकायचं कशाला? त्यांना फक्त फोन नंबर आणि ठरलेल्या वेळा लिहून द्या.

लपून पडदा पाहणारी, टाइप केलेलं प्रत्येक अक्षर टिपणारी हेरगिरीची अ‍ॅप्स टाकू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ती मुलाचे पासवर्ड आणि संदेश तिसऱ्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवतात, आणि मुलाला कळलं की तो शाळेतल्या मित्राचा फोन वापरू लागतो, जो तुम्हाला कधीच दिसणार नाही. काय पाहिलं जातं ते मुलाला सांगून करा. आठवड्याचा अहवाल त्याच्यासोबत बसून पाहिला तरी पुरतो.

रंगीत तालीम

निघण्याच्या दोन दिवस आधी मुलाच्या खात्यात बसा आणि नियम मोडायचा प्रयत्न करा. शक्य असेल तर मुलालाच सांगा, 'मोडून दाखव.' ते मनापासून करतात, आणि भोकं तुमच्यापेक्षा लवकर सापडतात.

नवीन प्रोग्राम टाकून पाहा, पासवर्ड विचारला पाहिजे. टाइम झोन बदलून पाहा: विंडोजवर स्टँडर्ड खात्याला घड्याळ बदलता येत नाही, पण टाइम झोन सहसा बदलता येतो, आणि कॉम्प्युटरच्या घड्याळावर चालणारी काही साधनं त्याने फसतात. दुसरा ब्राउजर पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. फोनचं वाय-फाय बंद करून काय उघडतं ते पाहा. मर्यादा ५ मिनिटांवर आणून ती संपताना नेमकं काय होतं ते मुलासोबत पाहा, म्हणजे फाइल आधी सेव्ह करायची हे त्याला कळेल. शेवटी तुमच्या फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून १५ मिनिटं वाढवून द्या. ती मुलाच्या यंत्रावर पोचली तरच दुरून ताबा आहे असं समजा.

बाहेर असताना काही अडलं तर

'वेळ संपली तरी गेम चालूच आहे': मूल लोकल किंवा दुसऱ्याच खात्यात आहे का ते आधी विचारा. तसं नसेल तर यंत्र इंटरनेटवर नसल्यामुळे नवीन मर्यादा पोचलेली नसते.

'वेळ शिल्लक आहे पण उघडत नाही': एका मुलाची दोन यंत्रं एकाच वेळापत्रकात जोडलेली असतील तर टॅबवर घालवलेला वेळही मोजला जातो. सगळ्या यंत्रांना एकच वेळापत्रक ठेवायचं की नाही, हा पर्याय फॅमिली सेफ्टीत बदलता येतो.

'वाय-फायचं नाव बदललंय' किंवा घरातली सगळी यंत्रं एकदम तुटली: कुणीतरी राउटरचं मागचं छोटं छिद्र टाचणीने दाबून धरलंय. दहाएक सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आल्यासारखा होतो, नाव आणि पासवर्ड पोटावरच्या चिठ्ठीवरचे होतात आणि तुमचे सगळे नियम पुसले जातात. हे दुरून दुरुस्त होत नाही. त्या दिवसापुरतं फॅमिली लिंक, स्क्रीन टाइम आणि फॅमिली सेफ्टी चालूच राहतात, कारण ते राउटरवर नाहीत. परत आल्यावर सेटिंग पुन्हा भरावी लागू नये म्हणून राउटरच्या पानावरचा 'बॅकअप' आधीच घेऊन ठेवा. ती फाइल परत चढवायला दोन मिनिटं लागतात.

'अपडेटनंतर सगळं मोकळं झालं': मोठ्या अपडेटनंतर मुलाचं खातं कधी कधी पुन्हा साइन-इन मागतं आणि ते होईपर्यंत कुटुंबाचे नियम लागत नाहीत. फॅमिली सेफ्टीच्या पानावर मुलाच्या नावाखाली ते यंत्र दिसतंय का पाहा. दिसत नसेल तर मुलाला साइन-इन करायला सांगा. शक्यतो मोठी अपडेट निघण्याच्या आठवडाभर आधीच करून घ्या.

'पासवर्ड विसरलं' म्हणून मुलाचा फोन आला तर गूगल किंवा अ‍ॅपलच्या पालक खात्यातून तो बदलून द्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फोनवर सांगू नका, 'आज एकदाच' म्हणूनसुद्धा नाही. सांगावाच लागला तर घरी आल्या-आल्या बदला आणि खात्यांच्या यादीत नवीन नाव आलंय का तेही पाहून घ्या.